नगर मुक्कामी बार्बाडोस

१० जानेवारी

पूजा म्हणाली होती, "आई, इकडं यायला निघालीस की रोज लिहीत जा, पुढं वाचायला मजा येईल." म्हणून कर्जतच्या बाजारातून ही डायरी घेतली. आज प्रवासवर्णन सुरू केलं आणि प्रवास नगरला संपला.

सकाळी गावानं वाजतगाजत लावून दिलं. वेशीवर फ्लेक्स होता. ह्यांचा फेटा बांधलेला फोटो, मागं विमान, खाली 'मा. कानिफनाथ आबा यांना कॅरिबियन बेटावर प्रस्थानानिमित्त हार्दिक शुभेच्छा'. माझा फोटो विमानाच्या चाकापाशी होता. शुभेच्छुकांचे फोटोसुद्धा माझ्यापेक्षा मोठे. हे दहा वर्षं डेअरीचे चेअरमन होते, त्यामुळं ग्रामसभेत शाल-श्रीफळ झालं, भाषणं झाली. एकानं तर ह्यांना तिथल्या पाणी नियोजनाचा अभ्यास करून यायला सांगितलं, जसं काही हिवरे बाजारला सहल चाललीय. मी लेकीच्या बाळंतपणाला चालले होते, ते एकाही भाषणात आलं नाही.

पूजा बार्बाडोस नावाच्या बेटावर असते. जावई समर्थ तिथं एका हॉटेलात आचारी. फेब्रुवारी संपता संपता तिचे दिवस भरतात. पहिलं बाळंतपण माहेरी करायची आपली रीत, पण लेकीला आता विमानानं आणता येत नाही, म्हणून माहेरानंच उठून लेकीकडं जायचं ठरलं. डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशोपा, बाजरीचं पीठ, सगळं बांधून घेतलं.

नगरला सावेडीत जावयांचा बंद फ्लॅट आहे, चौथ्या मजल्यावर. तिथं जेवून मुंबईला निघायचं होतं. जेवणानंतर हे फोनवर बोलत खाली गेले, ते पडल्या चेहऱ्यानं वर आले. म्हणाले, "लंडनला इमान बदलायचं, त्याचा कागदच आला न्हाई. तिकिटं फुडं ढकलली."

"कवापतूर?"

"कागद येईल तवर."

मी म्हटलं, मग चला गावी, गाईंना तरी बघू. ह्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मी त्यांना गाढवावर बसायलाच सांगितलं. म्हणाले, "फ्लेक्स अजून उतरला नसंल. येशीतनं कुठल्या तोंडानं जायाचं?"

११ जानेवारी

ठरलं ते असं. कागद येईपर्यंत नगरलाच थांबायचं, आणि गावाच्या लेखी आपण बार्बाडोसला पोचलोय. मला खोटं बोलायला आवडत नाही. जमतं मात्र.

ह्यांनी बजावलं, कुणालाही सांगायचं नाही. मी कुणालाही सांगितलं नाही. फक्त समोरच्या मेहताबभाभींना सांगितलं, तेही त्यांचा चहा उकळेपर्यंत धीर धरून. त्या घरीच शिवणकाम करतात. सून तमन्ना मोबाईलच्या दुकानात कामाला जाते. मेहताबभाभी इतक्या हसल्या की मशीनवरचं ब्लाऊज तिरकं शिवलं गेलं. म्हणाल्या, "ताई, लोक दुबईला जाऊन नगरची आठवण काढतात. तुम्ही नगरात बसून परदेशात. तुमचंच बरं आहे."

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ मेहताबभाभींनीच माझ्या हातावर ठेवला. बिल्डिंगमधली सगळी मंडळी गच्चीवर पतंग उडवायला गेली, मीही गेले. हे आले नाहीत. म्हणाले, वर ऊन लागतं. जानेवारीत!

सकाळी लंकाबाईंचा फोन आला. त्या माझ्या थोरल्या जाऊ, मी त्यांना अक्का म्हणते. आमच्या गाई सध्या त्यांच्याकडं आहेत. फोन उचलला आणि नेमकी खाली घंटागाडी गाणं वाजवत आली.

"तितं बी घंटागाडी हाय व्हय गं?"

"हाय की अक्का. लई स्वच्छ देश हाय."

"आता किती वाजलं तुमच्याकडं?"

पूजानं शिकवलं होतं, घड्याळ साडेनऊ तास मागं न्यायचं. मी बोटांवर मोजून सांगितलं, "काल रातीचं साडेधा."

"रातच्याला घंटागाडी?"

"दिवसा ऊन लई असतंय ना."

त्यांना ते पटलं. खटकलं दुसरंच. "म्हंजी तुमी अजून कालच्यातच हाय? मंग तुमची संक्रांत उद्या! आन् मी येडी आजच गोड बोल म्हनाया लागली." असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. उद्या पुन्हा करणार आहेत.

१९ जानेवारी

गाव फोटो मागतंय. तमन्ना म्हणाली, त्यात काय, मी मोबाईलवर मागं समुद्र लावून देते. मेहताबभाभींनी ह्यांना फुलाफुलांचा शर्ट शिवून दिला. पडद्याचं कापड उरलं होतं. फोटो गच्चीवर काढू म्हटलं तर हे तयार होईनात, म्हणून खाली पार्किंगच्या मागं काढला. मी गॉगल लावला. ह्यांनी नेहमीसारखं सत्काराला उभं राहतात तसं तोंड केलं.

तमन्नानं निळाशार समुद्र लावला, वाळू लावली, माडाची झाडं लावली. फोटो गावात पाठवला आणि मग आमच्या लक्षात आलं, माझ्या खांद्यामागं पाण्याची काळी टाकी तशीच राहिली होती. लगेच लंकाबाई.

"चांगुना, समुद्रात टाकी कशापाई ठिवलीया?"

"पिन्याच्या पान्याची हाय, अक्का. समुद्राचं खारं असतंय."

"व्हय की. बिचारी. येवढं पानी आन् प्याला न्हाई." गावात सगळ्यांना बार्बाडोसची कणव आली. तलाठ्यांनीही विचारलं म्हणे, तिथं टँकर चालू आहेत का.

२५ जानेवारी

हे रोज सकाळी कागदाची चौकशी करायला जातात. कुठल्या ऑफिसात जातात ते नीट सांगत नाहीत. येताना कधी पेरू आणतात, कधी हरभऱ्याची भाजी. कागद सोडून सगळं येतं.

आज मेहताबभाभी म्हणाल्या, नगरला राहून चांदबिबीचा महाल पाहिला नाही असं नको. रिक्षानं डोंगरावर गेलो. हे खालीच एका झाडाला टेकून डोळे मिटून बसले. गुडघा दुखतो म्हणाले. ह्या माणसाला लिफ्ट आवडत नाही, रोज चार मजले जिन्यानं चढतो, तेव्हा गुडघा दुखत नाही. महालाचा जिना बघून दुखतो. कामाच्या वेळी बरोबर दुखणारे अवयव पुरुषांना असतातच. घरीसुद्धा कपडे वाळत घालायचे तर बाल्कनीत येत नाहीत, दारातून पिळे माझ्या अंगावर फेकतात.

वर वारा काय मस्त होता. चारही बाजूंनी मोकळं माळरान. मेहताबभाभी म्हणाल्या, "ताई, समजा ते सगळं पाणीच आहे." मग आम्ही दोघी कमानीत बसून तासभर समुद्र बघितला. लांबून लष्कराच्या गाड्या चालल्या होत्या, त्यांना आम्ही जहाजं म्हणालो. मला फार आनंद झाला, आणि मग लगेच पूजाची आठवण आली. तिचे पाय सुजलेत. कुणी तेल लावून चोळत असेल का?

३० जानेवारी

पूजा फोनवर रोज बेटावरचं काही ना काही सांगते. तिथं बसमध्ये चढणारा माणूस आधी सगळ्या बसला गुड मॉर्निंग म्हणतो, मगच बसतो. न म्हटलं तर लोक आईबापांची चौकशी करतात. रविवारी अख्खी घरंच्या घरं पातेली घेऊन समुद्रावर जातात आणि संध्याकाळपर्यंत खातात. माकडं हिरवट असतात. माशांना पंख असतात आणि ते पाण्यावर उडतात. म्हाताऱ्या बायका सकाळी गळ्याइतक्या पाण्यात उभ्या राहून गप्पा मारतात. हे शेवटचं ऐकल्यापासून मला चैन नाही.

ती सांगते ते मी आवाज भरून लंकाबाईंना पाठवते आणि त्या डेअरीवर सगळ्या बायकांना ऐकवतात. पण गंमत बघा. मासे उडतात म्हटलं तर कुणी विश्वास ठेवला नाही. लंकाबाई म्हणाल्या, "येवढं बी फेकू नगं." मला राग आला. मग मी ठोकून दिलं, की इथल्या गाई समुद्राचं पाणी पितात, त्यामुळं दूध मुळातच खारट निघतं आणि ताकात मीठ घालावं लागत नाही. ते सगळ्यांना पटलं. नव्या चेअरमननी जात कुठली म्हणून विचारलंय.

२ फेब्रुवारी

आज जीवच गेला असता. ह्यांना घेऊन कापडबाजारात गेले होते. तमन्नानं मला कॉलेजच्या मुली बांधतात तसा स्कार्फ बांधून दिला, फक्त डोळे उघडे, त्यावर गॉगल. ह्यांना माकडटोपी आणि मास्क. एका दुकानापाशी अचानक आमच्या डेअरीचे सेक्रेटरी गहिनीनाथ समोर. हे तिथल्या तिथं पेरूच्या गाडीमागं बसले. गहिनीनाथ माझ्याकडंच आले आणि म्हणाले, "ताई, चितळे रोडला कसं जायाचं?"

मला हिंदी धड येत नाही. तरी म्हटलं, "सीधा जाव, फिर इचारो."

ते गेले. पेरूवाला ह्यांना म्हणाला, "आबा, लपायचे पैसे नाहीत, पण पेरू घ्यावे लागतील." घरी येऊन आम्ही दोघं एवढे हसलो, की हे हसता हसता जमिनीवरच बसले. ह्यांना असं हसताना मी बघितलंच नव्हतं. गावी पहाटेपासून धारा, डेअरी, पाहुणे, मीटिंगा. इथं आम्ही दोघंच. हे आता सकाळचा चहा करतात. साखर फार घालतात, पण मी काही बोलत नाही. काल माझ्या केसांना तेलही लावून दिलं. रिकामटेकडेपणाचे परिणाम, दुसरं काय.

५ फेब्रुवारी

तिथला एक आवडता पदार्थ पूजानं सांगितला. मक्याचं पीठ आणि भेंडी एकत्र शिजवून घोटायचं. मेहताबभाभींकडं केला. मेहताबभाभी म्हणाल्या, "चांगला आहे." मग त्यात लसणाची फोडणी घातली, हिरवी मिरची घातली, शेंगदाण्याचा कूट घातला, आणि म्हणाल्या, "आता चांगला आहे." ह्यांनी एक घास घेतला आणि म्हणाले, "एवढ्यासाठी लोक इमानात बसत्यात?"

संध्याकाळी पूजाला विचारलं, अगं समर्थरावांना सांग ना कागदाचं बघायला. ती म्हणाली, "आई, आबांनाच विचार ना." आणि विषय बदलला. तिचा आवाज बारीक झाला होता. एकटी घाबरली असेल. माझं इथं कशातच लक्ष लागत नाही. हसते, खोटं बोलते, फोटो काढते, पण आत सारखं एकच, की पोरीच्या कळा सुरू होतील आणि मी सावेडीत असेन.

८ फेब्रुवारी

आज पूजा फोनवर म्हणाली, "आई, तू एकटीच ये ना. आबांना जमत नसेल तर राहू दे त्यांना."

"कागदाबिगर कशी येऊ गं?"

ती रडायलाच लागली. "कागद केव्हाच आलेत, आई. तुम्ही गावातून निघालात त्याच्या आधीच. दोघांचेही. आबा म्हणाले, आईला सांगू नको, चार दिवसांत मनाची तयारी करतो आणि निघतो. मला शपथ घातली. त्यांना विमानाची भीती वाटते गं."

फोन ठेवला. भेंडी चिरत होते, ती सगळी चिरून टाकली. मग एकेक आठवायला लागलं. गच्ची. लिफ्ट. बाल्कनी. तो गुडघा. मी स्वतःला फार हुशार समजते. मेहताबभाभींना सांगितलं तर त्या सुईत दोरा ओवत म्हणाल्या, "ताई, मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. भाऊ बाल्कनीचं दार लावून, त्याला खुर्ची टेकवून झोपतात, असं तुम्हीच सांगितलं होतं."

हे पेरू घेऊन आले. चहा मीच केला, बिनसाखरेचा.

९ फेब्रुवारी

सकाळी मीच विचारलं. "कागदाच्या हापिसात जाता म्हंजी कुठं जाता?"

ह्यांना कळलं. खुर्चीवर बसले. म्हणाले, "माळीवाड्याला. यष्टी स्टँडवर. बसून येतो."

"का?"

"यष्टी वरनं पडत न्हाई."

मला हसू यायला नको होतं. आलं नाही. मी म्हटलं, "तिकडं लेक वाट बघून रडतीया, आन् तुमी मला हितं समुद्राचं फोटू काढाया बसवलं?"

"पूजाला सोडाया ममईला गेल्तो, तवा ते उडताना बघितलं. तवा जो धसका घेतला, त्यो अजून हाय. रोज म्हनायचो, उद्या सांगू, उद्या निघू." मग म्हणाले, "धा वर्सं चेरमन हुतो मी. कानिफनाथ इमानाला भ्येला, आसं गाव म्हनंल."

"आन् मी? मी तर भ्याले न्हवते. मला का आडवलं?"

ह्यांनी कालचा एक पेरू उचलला, परत ठेवला. मग एवढंच म्हणाले, "तू एकली गेलीस तर मी हितं एकला."

मला एवढा राग आला होता, की असं काही ऐकायची तयारी नव्हती. उठून बाल्कनीत गेले आणि दार ओढून घेतलं. तिथं ते येऊ शकत नाहीत. तिथूनच ओरडले, "मी जानार! समर्थरावांना तिकीट काढाया सांगा!"

आतून आवाज आला, "सांगतो."

११ फेब्रुवारी

तिकीट झालं, परवाचं. आता पंचाईत अशी, की हे गावी जाऊ शकत नाहीत. गावाच्या हिशोबात हे बार्बाडोसला आहेत. मी खरंच तिकडं जाणार आणि हे खोटे खोटे तिकडं राहणार, नगरला. मेहताबभाभी म्हणाल्या, जेवायची काळजी करू नका, पुढच्या आठवड्यात रमजान लागतोय, भाऊंनी रोज इफ्तारला यायचं.

त्यांनी माझ्यासाठी समुद्रात घालायला गळ्यापासून पायापर्यंतचा गाऊन शिवलाय. तमन्नानं सांगितलं, विमानतळावर व्हीलचेअर मागायची. म्हटलं, मला चालता येतं. ती म्हणाली, "काकू, सगळ्यांच्या आया असंच करतात. चालता येतं हे तिथं सांगायचं नाही. ते बरोबर दाराशी नेऊन सोडतात, इंग्लिश बोलावंच लागत नाही."

१३ फेब्रुवारी

मुंबईपर्यंत हे आले. विमानतळाच्या दारात मी टुणकन व्हीलचेअरवर बसले. ह्यांनी खुर्चीवाल्या पोराला हात जोडून सांगितलं, "सांभाळून न्या, गुडघ्याचा तरास हाय." कुणाच्या गुडघ्याचा ते मी विचारलं नाही. डोक्यावरून विमान गेलं तशी ह्यांनी मान खाली घातली, पण तिथून हलले नाहीत. काचेतून दिसेनासे होईपर्यंत तिथंच उभे होते. मला वाईट वाटलं. राग होता तोही होताच.

१६ फेब्रुवारी

पोचले! लंडनला राणीसारखी ढकलत नेली. विमान उडताना मीही डोळे मिटून देवाचं नाव घेतलं. ह्यांना सांगणार नाही.

पूजाला पोटाशी धरलं. पाय चोळून दिले, डोक्याला तेल लावलं. लेक झोपून गेली. बस, एवढ्यासाठीच आले होते.

आता समुद्राबद्दल. तमन्नाचा समुद्र फारच निळा होता असं मला वाटायचं. खरा त्याहून निळा आहे. आणि मासे उडतात. मी माझ्या डोळ्यांनी बघितले, चांदीच्या चमच्यांसारखे एकापाठोपाठ उडाले. सगळ्यात आधी लंकाबाईंना कळवलं. त्या म्हणाल्या, "तू अजून त्येच धरून बसलीयास व्हय?"

१९ फेब्रुवारी

शेजारच्या मारियाबाई रोज सकाळी समुद्रावर जातात. आज मलाही नेलं. मेहताबभाभींचा गाऊन पाण्यात तंबूसारखा फुगला. कोमट पाणी, गळ्यापर्यंत. भोवती माझ्याच वयाच्या आठ-दहा बायका, डोक्यावर टोप्या, आणि सगळ्या एकदम बोलतायत. त्यांचं मला कळत नव्हतं, माझं त्यांना कळत नव्हतं. पण मारियाबाई सुनेबद्दल बोलतायत हे मला लगेच कळलं. मी लंकाबाईंबद्दल बोलले. त्यांनी "ओ लॉर्ड" म्हणून माझा खांदा थोपटला. पाठीचं दुखणं कुठं गेलं ते कळलं नाही. असं कुणी मला आयुष्यात पाण्यात नुसतं उभं राहू दिलं नव्हतं. पाण्यापाशी गेलं की धुणं, नाहीतर हंडा.

पूजानं फोटो काढला आणि तो गावात गेला. लंकाबाई म्हणाल्या, "भावजी का न्हाईत फोटूत?"

"त्यांनीच काढलाय, अक्का."

"तेंचा बी काढ की मंग." नगरला फोन केला. संध्याकाळी तमन्नानं ह्यांना पुन्हा फुलांचा शर्ट घालून समुद्रात उभं केलं. या खेपेला टाकी पुसून काढली.

२३ फेब्रुवारी

काल पहाटे पूजा मोकळी झाली. मुलगी! काळेभोर जावळ. डॉक्टरीणबाईंनी माझ्या हातात दिली तेव्हा मला काहीच बोलता आलं नाही. नगरला फोन लावला, तर पलीकडून ह्यांचंही तेच. दोघं फोन धरून रडत राहिलो. तिकडून मेहताबभाभीच मोठ्यानं म्हणाल्या, "मुबारक हो, कुणीतरी बोला!"

आज सकाळी लंकाबाईंचा व्हिडिओ कॉल. बाळ दाखवलं. दृष्ट काढून झाली, बोटं मोडून झाली. मग म्हणाल्या, "भावजी कुठं हायत? त्यांचं बी तोंड बघू दे आजोबा झाल्यालं."

"समुद्रावर फिराया गेलेत, अक्का."

"कवा गेलं?"

"आत्ताच. तुमचा फोन याच्या आदी."

"बरं," म्हणाल्या, आणि फोन फिरवला.

मारुतीच्या पारावर हे बसले होते. पुढ्यात जिलेबीची टोपली, भोवती सगळं गाव.

लंकाबाईंना हसू आवरत नव्हतं. म्हणाल्या, "दुपारच्या यष्टीनं उतरलं. मला वाटलं भूत हाय. सरळ पारावर चढलं आन् म्हनलं, 'मी इमानाला भ्येलो. दीड म्हैना नगरला लपून बसलो. चांगुना एकली गेली. नात झालीया, तोंड गोड करा.' लोकास्नी हसून हसून उचक्या लागल्या. पर जिलेबी कुनी सोडली न्हाई."

ह्यांनी फोन घेतला. मी म्हटलं, "अवो, काय केलंत हे?"

"सावेडीत कुनाला वाटू? निम्म्या बिल्डिंगीला कुलूप. मेहताबभाभींचा रोजा. जिलेबीचा डबा आनला, त्यो रातभर टेबलावर पडून. नात झाल्याली आन् जिलेबी वाटाया गाव न्हाई, आसं मला न्हाई सोसलं. बसलो यष्टीत." मागून कुणीतरी ओरडलं, "आबा, पुन्यांदा सांगा, कसं भ्येला?" ह्यांनी त्याला जिलेबी देऊन गप्प केलं.

मग फोन घेऊन देवळामागं गेले. तिथं कुणी नव्हतं. बाळाला खूप वेळ बघितलं. माझ्याकडंही बघितलं. म्हणाले, "उन्हानं काळी पडलीस. चांगली दिसतीस." मग इकडंतिकडं बघून आवाज बारीक केला.

"पूजाची आई, तिकडं जहाजानं याला किती दिस लागत्यात?"

ह्यांना पोहता येत नाही. कुकडीच्या कालव्यात गुडघ्याच्या वर कधी उतरले नाहीत. जीभ शिवशिवली होती, पण मला एवढं बरं वाटलं, की आवरली. म्हटलं, "इचारून सांगते."